बेडसे लेण्यातील श्रेष्ठिपुत्र : पालि साहित्यातील व्यापारविद्या आणि आपला नवा व्यवसाय

मावळ तालुक्यातील बेडसे गावाजवळच्या डोंगरात कोरलेली लेणी कार्ले व भाजे येथील लेण्यांच्या मानाने कमी परिचित आहेत. सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावर खडकातून कापलेल्या अरुंद वाटेने आपण चैत्यगृहासमोर येतो, आणि मग ते उंच स्तंभ व त्यांच्या शिरोभागी कोरलेली, पशूंवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची युगुले दृष्टीस पडतात. बहुतेक अभ्यासक हे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. त्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख आहे. नाशिकचा रहिवासी, आनंद नावाच्या सेठीचा पुत्र पुसणक याचे हे दान, एवढाच त्याचा आशय. त्यात राजाचे नाव नाही, वर्ष नाही, स्तुती नाही. बेडशाच्या इतर दोन लेखांपैकी एक अरण्यवासी, पिंडपातिक स्थविर गोभूती यांच्या स्तूपाचा असून तो त्यांच्या शिष्याने उभारला. दुसरा पाण्याच्या टाक्याजवळचा असून ते दान महाभोजाची कन्या महारठिनी सामडिनिका हिचे आहे. म्हणजे एका लहानशा लेणीसमूहात भिक्षू, राजकुलातील स्त्री आणि व्यापाऱ्याचा मुलगा असे तिघे आपल्याला भेटतात.

या तिघांपैकी व्यापाऱ्याच्या मुलाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे. नाशिक ते बेडसे हे अंतर आजच्या रस्त्यानेही दोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. कोकणातील बंदरांतून घाट चढून आलेला माल मावळातून देशावर जात असे, आणि या मार्गांच्या कडेलाच आपली लेणी आहेत. शेजारच्या कार्ले येथील दात्यांत वैजयंतीचा सेठी भूतपाल आहे, धेनुकाकट येथील सुतार आहे आणि सुगंधी द्रव्ये विकणारा गंधिकही आहे. जुन्नरच्या एका लेण्याचे दान धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिले आहे. लेणी पाहावयास जाणारे उपासक ‘ही लेणी राजांनी कोरली’ असे मुलांना सांगतात, तेव्हा ते अर्धेच सांगत असतात. खडक फोडणाऱ्यांची मजुरी कोणाच्या तरी नफ्यातून दिली गेली होती. तो नफा कसा मिळत असे, तो मिळविण्याची विद्या कोणती मानली जाई, आणि नव्याने दुकान थाटणाऱ्या आपल्या तरुणास तीतून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संपत्ती मिळविणे हे धम्माच्या विरुद्ध आहे, अशी समजूत आपल्यातही अधूनमधून ऐकू येते. तथागतांना शरण गेलेले पहिले दोन उपासक तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारीच होते, आणि जेतवनाचे दान देणारा अनाथपिंडिक श्रावस्तीचा सेठी होता. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या निगमात दीघजाणू हा गृहस्थ भगवंतांस विचारतो की, आम्ही मुलाबाळांच्या गर्दीत राहणारे, चंदन व फुले वापरणारे, सोन्यारुप्याचा स्वीकार करणारे लोक आहोत. आमच्या या लोकीच्या हितासाठी काही सांगावे. भगवंतांनी त्याला संसार सोडावयास सांगितले नाही. उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता या चार गोष्टी सांगितल्या: उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि जमाखर्चाचा तोल.

यांतील पहिल्या संपदेचे विवरण करताना भगवंत उपजीविकेच्या मार्गांची एक यादी देतात: शेती, व्यापार, गोरक्षण, धनुर्विद्या, राजसेवा आणि कोणतेही शिल्प. राजसेवा, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकरी, या यादीत पाचव्या स्थानी आहे. हा क्रम प्रतिष्ठेचा आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि आपल्या घरांतून मुलगा पदवीधर झाला की नोकरी हा एकच शब्द उच्चारला जातो, आणि स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर तो ‘काहीतरी धंदा’ करावयास निघतो तेव्हा त्याच्या पाठीशी त्या विद्येचे कोणतेही शिक्षण नसते. याला कारणे आहेत. आरक्षणाने आलेली नोकरी ही आपल्या समाजाला मिळालेली पहिली सुरक्षित भाकरी होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणासही नाही. पण ती वाट आता अरुंद झाली आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

तीन गुणांचा दुकानदार

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात ‘पापणिक’ या शब्दाने ओळखली जाणारी दोन लागोपाठची सुत्ते आहेत. पापणिक म्हणजे दुकानदार. ही सुत्ते भिक्षूंना उद्देशून आहेत. दुकानदार तेथे उपमेसाठी आला आहे. परंतु उपमा नेहमी ऐकणाऱ्यांना आधीच मान्य असलेल्या गोष्टीची दिली जाते, आणि म्हणूनच त्या काळी चांगला दुकानदार कोणास म्हणत हे तीतून विश्वसनीयपणे कळते. पहिल्या सुत्तात सांगितले आहे की, जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामात मनःपूर्वक लक्ष घालीत नाही, त्याला न मिळालेली संपत्ती मिळत नाही आणि मिळालेली वाढत नाही. दुसऱ्या सुत्तात त्याचे तीन गुण येतात: तो चक्खुमा असतो, विधुर असतो आणि निस्सयसंपन्न असतो. पालीतील हा ‘विधुर’ मराठीतील विधुर नव्हे. त्याचा अर्थ कुशल, व्यवहारचतुर असा आहे.

चक्खुमा म्हणजे डोळस. ही वस्तू एवढ्याला घेतली, एवढ्याला विकली, तर मुद्दल एवढे आणि लाभ एवढा, हे ज्याला दिसते तो चक्खुमा, अशी व्याख्या सुत्तातच दिलेली आहे. व्याख्या साधी वाटते. पण नव्या दुकानांपैकी बरीचशी येथेच बुडतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कामशेतच्या बाजूला एका जोडप्याने चहा-नाश्त्याची टपरी टाकली. दिवसाची विक्री २,००० रुपये. त्यात दूध, साखर, पोहे, तेल, पाव असा माल १,१०० रुपयांचा. गॅस १५० रुपयांचा. जागेचे भाडे २०० रुपये. भांडी घासण्यास व पाणी भरण्यास ठेवलेल्या मुलाची मजुरी ३०० रुपये. एकूण खर्च १,७५० रुपये. उरले २५०. सायंकाळी गल्ल्यात २,००० रुपये पाहिलेल्या माणसाला आपण चांगले कमावतो असे वाटू लागते, आणि त्या भरात तो त्यातले ५०० रुपये घरखर्चाला काढतो. दुसऱ्या दिवशीच्या मालाला पैसे कमी पडले की तो किराणा दुकानदाराकडे उधारी करतो. पुढे शहाणपणाने पाहिले तर ते २५० रुपयेही नफा नव्हे. पतिपत्नी दोघे सकाळी सहापासून सायंकाळी सहापर्यंत राबली, तिची ती मजुरी आहे, आणि तीही बाहेर मिळणाऱ्या मजुरीहून कमी. त्यात ओळखीच्या लोकांनी दररोज १०० रुपयांचे ‘मांडून ठेव’ म्हटले तर हातात रोख १५० रुपयेच येतात.

या जोडप्याने धंदा बंद करावा काय? अवश्य नाही. पण त्यांना कोणती गोष्ट हलवता येईल हे दिसले पाहिजे. भाडे आणि मदतनीसाची मजुरी विक्री कमी झाली तरी तशीच राहते. माल विक्रीबरोबर वाढतो. म्हणून विक्री २,००० वरून ३,००० झाली, तर माल साधारण १,६५० व गॅस २२५ रुपयांचा लागेल, पण भाडे व मजुरी मिळून ५०० रुपयेच राहतील, आणि शिल्लक ६२५ रुपये पडेल. विक्री दीडपट झाली, शिल्लक अडीचपट. उलट पावसाळा संपून विक्री १,२०० वर आली, तर मालाला ६६० आणि गॅसला ९० रुपये लागून भाडे-मजुरीचे ५०० देण्यापुरतेही उरणार नाही. मावळात पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड असते आणि इतर दिवशी रस्ता मोकळा असतो. येथे धंदा करणाऱ्याने वर्षाचे गणित जुलैमधल्या रविवारवरून मांडू नये. हे सर्व पाहण्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. एक वही, रोज रात्री पंधरा मिनिटे आणि घरचा व दुकानाचा पैसा वेगळ्या डब्यात ठेवण्याची शिस्त लागते. मोबाइलवरून आलेले पैसे तर आपोआप नोंदले जातात, पण तेही घरखर्चाच्या खात्यातच येत असतील तर त्या नोंदीचा उपयोग अर्धाच.

विधुर गुणाविषयी फार सांगावयास नको. खरेदी कोठे करावी, कोणत्या हंगामात करावी, कोणत्या गिऱ्हाइकास काय दाखवावे, हे कौशल्य दुसऱ्याच्या दुकानात वर्षभर काम केल्याने जितके येते तितके पुस्तकाने येत नाही. गुजराती व मारवाडी घरांतील मुले शाळेतून आल्यावर गल्ल्यावर बसतात. तीच त्यांची शाळा. आपल्या मुलाने असे वर्षभर दुसऱ्याच्या दुकानात राहणे म्हणजे हलकेपणा, असे आपल्या सुशिक्षित कुटुंबांना वाटते. आमच्या मते ही समजूत फार महाग पडते.

मेलेल्या उंदराचे भांडवल

पालि साहित्यात नव्या व्यवसायाची जी कथा आहे तिच्या तोडीची कथा इतरत्र क्वचितच सापडेल. जातकसंग्रहातील चौथी कथा, चुल्लसेट्ठि जातक. वाराणसीचा सेठी राजवाड्याकडे जात असता वाटेत मेलेला उंदीर पाहून म्हणतो की, डोळस तरुण एवढ्यावरही धंदा उभारील. एक दरिद्री तरुण ते ऐकतो, उंदीर उचलतो आणि एका दुकानात मांजरासाठी एका काकणिकेला विकतो. त्या नाण्याचा तो गूळ घेतो, घागरभर पाणी घेतो, आणि रानातून थकून येणाऱ्या माळ्यांना गूळपाणी देतो. ते त्याला मूठमूठ फुले देतात. फुले विकून दुसऱ्या दिवशी अधिक गूळ. असे करीत त्याच्याजवळ आठ कहापण जमतात. मग वादळात राजाच्या उद्यानात फांद्या पडतात. लाकूड मला मिळणार असेल तर मी बाग साफ करतो, असे तो माळ्याला सांगतो आणि खेळणाऱ्या मुलांना गूळ देऊन त्या फांद्या दाराशी आणवितो. राजाचा कुंभार भट्टीसाठी ते लाकूड विकत घेतो. पुढे तो पाचशे गवत कापणाऱ्यांना वेशीजवळ पाणी पाजतो आणि त्याचा मोबदला लगेच घेत नाही. घोड्यांचा व्यापारी पाचशे घोडे घेऊन येणार ही बातमी त्याला एका मित्राकडून कळते. त्या दिवशी गवतवाले त्याला एकेक पेंढी देतात आणि त्याचे गवत विकले जाईपर्यंत आपले विकत नाहीत. शेवटी बंदरात जहाज आल्याची बातमी दुसऱ्या मित्राकडून मिळताच तो भाड्याच्या रथातून तेथे जातो, अंगठी ठेवून सगळा माल आपल्या नावे बांधून घेतो, आणि मागाहून आलेल्या शंभर व्यापाऱ्यांकडून दोन लक्ष मिळवितो.

या कथेत भांडवल कोठेही मोठे नाही. तरुण पैशाने नव्हे, माहितीने आणि वेळेने पुढे जातो. प्रत्येक वेळी तो समोरच्याची अडचण आधी पाहतो: तहान, साफसफाई, जळण, चारा. आणि त्याची ओळख ज्यांच्याशी होते ती आधी काही दिल्यामुळे होते. दीघजाणूला सांगितलेली कल्याणमित्तता येथे धंद्याच्या रूपात दिसते. (गवतवाल्यांना थांबवून भाव आपल्या हाती ठेवण्याच्या युक्तीचे मात्र आम्ही फारसे कौतुक करणार नाही, ज्यांना पाणी पाजले त्यांचीच विक्री त्या दिवशी अडली.)

परंतु ही कथा आपल्या तरुणांना सांगताना एक गोष्ट गाळली जाते, आणि ती गाळणे अन्यायाचे आहे. जातकातील तो तरुण दरिद्री असला तरी कुलपुत्र आहे. त्याचा उंदीर दुकानदाराने घेतला, त्याच्या घागरीतले पाणी माळी आणि गवतवाले प्याले, त्याची अंगठी बंदरात चालली. कथेत कोणीही त्याला ‘तू कोणाचा?’ असे विचारले नाही. या देशात आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याच घागरीत पाणी भरून वेशीजवळ ठेवले असते, तर काय झाले असते, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

याला कल्पनेची गरज नाही. प्रत्यक्ष घडलेल्या दोन हकिगती आहेत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात शिकताना प्राचीन भारतीय व्यापार या विषयावर प्रबंध लिहिला होता. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअर व रोखे यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. त्या काळी मुंबईत त्यांच्याइतके अर्थशास्त्र जाणणारे किती असतील? आरंभी गिऱ्हाइके आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. चक्खुमा आणि विधुर हे दोन गुण बाबासाहेबांच्या ठायी किती होते हे सांगावयास नको. बाजाराने त्यांना तिसरा गुण मिळू दिला नाही.

दुसरी हकिगत कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्यावरून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या कानी हे गेल्यावर त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले, आणि गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे दुकान उघडले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. पण सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी दुकानासमोर थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारणे दरबारी मंडळींना अवघड गेले. येथे राजाने दिलेली सर्वांत मोठी मदत पैशाची नव्हती. त्याने गिऱ्हाईक दिले, पत दिली.

निस्सय : पाठबळ कोठून येते

पापणिक सुत्तातील तिसरा गुण तो हाच. निस्सय म्हणजे आधार. धनवान गृहपती त्या दुकानदाराला ओळखतात. हा डोळस आहे, कुशल आहे, कुटुंब पोसून आमचे पैसे वेळोवेळी परत करील असे त्यांना वाटते, आणि म्हणून ते आपण होऊन त्याला भांडवल देतात. ध्यानात घ्यावे की सुत्तात तारण म्हणून जमीन किंवा सोने मागितलेले नाही. परतफेडीची ओळख हेच तारण आहे. ज्या घरात तीन पिढ्या व्यापार आहे त्या घरातील मुलाला ही ओळख वारशाने मिळते. ज्याच्या वडिलांकडे वतनाच्या नावाने केवळ गावची वेठ होती, त्याला ती शून्यातून उभारावी लागते.

कर्ज आणि धम्म यांचा संबंध येथे नीट समजून घेतला पाहिजे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत अणणसुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख आहे. आणि दरिद्री मनुष्य कर्ज काढतो, व्याज चुकवू शकत नाही, तगाद्याने पिचतो आणि शेवटी बांधला जातो, याचे विदारक वर्णन छक्क निपातात आहे. त्यावरून कर्ज काढूच नये असा अर्थ काही उपासक काढतात. पण पापणिक सुत्तातील दुकानदार कर्जावरच उभा आहे. खाण्यासाठी, लग्नासाठी काढलेले कर्ज आणि माल घेण्यासाठी काढलेले कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले कर्ज स्वतःला फेडू शकत नाही. दुसरे फेडू शकते, व्याजाचा दर जर धंद्याच्या लाभाहून कमी असेल तर.

दराविषयी आपल्या लेण्यांतच उत्तम पाठ आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघासाठी ३,००० कहापण अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दलास हात न लावण्याच्या अटीवर, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २,००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० कहापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी द्यावयाचे होते, आणि वीस गुणिले बारा म्हणजे २४०. हिशोब काटेकोर आहे. विणकरांना हे भांडवल वर्षाला शेकडा बारा आणि नऊ दराने मिळाले, संघाला चीवरे मिळाली, आणि दात्याची ठेव कायम राहिली. त्याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी केलेली ठेव कुंभार, पाणयंत्रे करणारे आणि तेली अशा निरनिराळ्या श्रेणींत विभागली आहे. एक धंदा बसला तरी औषधे थांबू नयेत, हा हेतू त्यामागे असावा, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या वस्तीत खाजगी सावकार महिना शेकडा पाचने पैसे देतो असे धरू. वरच्या टपरीवाल्या जोडप्याने २०,००० रुपये घेतले, तर महिन्याला १,००० रुपये व्याजच जाईल. दिवसाची शिल्लक २५० असता चार दिवसांची दोघांची मेहनत दर महिन्याला त्यात संपते, मुद्दल तसेच राहते, आणि वर्षात १२,००० रुपये देऊन झालेले असतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विणकराहून आजचा आपला टपरीवाला पाचपट महाग पैसा वापरतो. बँक दाराशी असताना असे होते, कारण बँकेला दाखवावयास त्याच्याकडे काही नसते. ते ‘काही’ म्हणजे पुन्हा ती वहीच: वर्षभराच्या नोंदी, दुकानाचे स्वतंत्र खाते, दुकानाची व उद्यम नोंदणी, आणि आधी घेतलेले लहान कर्ज वेळेवर फेडल्याचा पुरावा. महिला बचत गटांनी हे आपल्या वस्त्यांतून सिद्ध करून दाखविले आहे.

मिळालेल्या पैशाची वाटणी कशी करावी याविषयी दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त सर्वांना परिचित आहे: चार भाग करावे, एक उपभोगावा, दोन धंद्यात घालावे, चौथा आपत्तीसाठी ठेवावा. यात दानाचा भाग कोठे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अट्ठकथाकारांनी तो सोडविला आहे: उपभोगाच्या पहिल्या भागातूनच दान द्यावे आणि विणकर, न्हावी इत्यादींचे वेतनही त्यातूनच द्यावे. म्हणजे धंद्याच्या भांडवलातून दान देणे अट्ठकथेला अभिप्रेत नाही. जयंतीच्या वर्गणीसाठी गल्ल्यात हात घालणाऱ्या आपल्या दुकानदारांनी आणि त्यांच्याकडे वर्गणी मागणाऱ्या मंडळांनीही हे वाचावे. अर्थात महिन्याला आठ हजार रुपये मिळविणारे घर दोन हजारांत चालवा, असे आज कोणी सांगू शकणार नाही. गरीब घराने प्रमाण बदलावे; पण तीन डबे असावेत, आणि आपत्तीचा डबा रिकामा असताना धंदा वाढवू नये. मावळातील टपरीला तर तो डबा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच भरून ठेवावा लागतो.

दीघजाणूला दिलेली तलावाची उपमाही येथे उपयोगी आहे. तलावाला चार आत येणाऱ्या आणि चार बाहेर जाणाऱ्या वाटा असतात. स्त्रीलंपटपणा, मद्य, जुगार आणि दुर्जनांची संगत या बाहेर जाणाऱ्या. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्यासारखे, कोणते पारडे किती झुकले हे जाणणे. त्यात उधळपट्टीचा जसा निषेध आहे तसाच ऐपत असून उपाशीपोटी जगण्याचाही आहे.

कोणता धंदा करू नये हेही स्पष्ट सांगितले आहे: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार. मांसाच्या बाबतीत अट्ठकथा जनावरे पाळून त्यांचे मांस विकणे असा अर्थ घेते. मद्याच्या बाबतीत मात्र पळवाट नाही. पर्यटनस्थळाजवळ सर्वांत लवकर पैसा देणारा धंदा कोणता, हे मावळात कोणीही सांगेल. लेण्यांच्या पायथ्याशी असा अड्डा आपल्याच माणसाने चालवावा, याला आम्ही कोणत्याही अडचणीच्या नावाखाली संमती देऊ शकत नाही. मावळात करण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे: इंद्रायणी तांदूळ, गुलाबशेतीसाठी रोपे व खते, घरगुती जेवण, लेण्यांची शास्त्रशुद्ध माहिती देणारा मार्गदर्शक. शेवटचा धंदा तर आपणच उत्तम करू शकतो, आणि तो आज जवळजवळ कोणीच करीत नाही.

सचोटी आणि नफा यांच्या संबंधाविषयी सेरिववाणिज जातकाची आठवण करून देणे पुरेसे आहे. काजळलेले सोन्याचे ताट ओळखूनही एका फेरीवाल्याने ते अर्ध्या माषाचेही नाही म्हणून फेकले, स्वस्तात मिळावे म्हणून. दुसऱ्याने त्याची खरी किंमत सांगितली आणि जवळचे सर्व धन व माल देऊन ते घेतले. स्वतःजवळ आठ कहापण, तराजू आणि पिशवी तेवढी ठेवली. पहिल्याचे त्या घरातील दार कायमचे बंद झाले.

राहिला प्रश्न आजच्या निस्सयाचा. शासनाच्या बाजूने पाहता महाराष्ट्रात महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे आणि उद्योजकतेचे प्रशिक्षण देणारे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून. केंद्राने २०१६ मध्ये ‘स्टँड अप इंडिया’ योजनेत दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद केली होती. राज्याने २०१९ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातींच्या अर्जदारासाठी स्वतःचे भांडवल पाच टक्के आणि ग्रामीण भागात पस्तीस टक्के अनुदान असे प्रमाण ठेवले होते. योजनांची नावे व मुदती बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष विचारावे आणि दलालास पैसे देऊ नयेत. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांचा अनुसूचित जातींत समावेश केंद्रीय पातळीवर १९९० च्या दुरुस्तीने झाला. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला आधीच काढून ठेवावा, कारण कर्ज मंजूर होण्याच्या वेळी त्याची धावपळ करणाऱ्यांची संधी हुकते.

परंतु गंगाराम कांबळ्यांच्या दुकानाची खरी गरज होती ती गिऱ्हाइकाची. या दृष्टीने २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणास अधिक महत्त्व आहे. केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून करावी, असे उद्दिष्ट त्यात घातले आहे. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था याच प्रकारच्या ओळखी घडवून आणण्याचे काम करते. अकोला जिल्ह्यातील रोपरखेड्याच्या कल्पना सरोज यांनी मुंबईत शिलाईकामापासून आरंभ केला आणि पुढे डबघाईस आलेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी उभी केली. या दोघांनाही २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठी उदाहरणे उभारी देतात, पण टपरीवाल्याला ती फार दूरची वाटतात, आणि ते स्वाभाविकच आहे.

त्याच्या जवळचे म्हणजे विहार. रविवारी वंदनेला शंभर कुटुंबे जमत असतील, तर तीच शंभर गिऱ्हाइके आहेत, आणि त्यांतले शिंपी, वायरमन, किराणा दुकानदार, केटरर, हिशोबनीस कोण, याची एक यादी विहाराच्या फलकावर लावण्यास खर्च नाही. निवृत्त बँक कर्मचारी जवळजवळ प्रत्येक विहारात असतात. त्यांनी महिन्यातून एक रविवार नव्या दुकानदारांच्या वह्या तपासाव्यात. आणि ज्या विहाराकडे इमारत निधी पडून असतो त्यांनी विष्णुदत्तेच्या लेखाचा अभ्यास करावा. निधी थेट कर्जाऊ देण्यास विश्वस्तांना कायद्याची बंधने आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण सभासदांचा स्वतंत्र बचत गट किंवा नोंदणीकृत पतसंस्था काढून, मुद्दल अनेक लहान धंद्यांत विभागून, शेकडा बारापेक्षा अधिक व्याज न घेता व्यवहार करण्यास कोणतीही अडचण नाही. असा गट काढताना पहिल्या सहा महिन्यांत कर्ज देऊ नये, केवळ बचत गोळा करावी. दुसऱ्या सहामाहीत पाच हजारांपर्यंतची कर्जे द्यावीत, आणि कोणाचा हप्ता आला, कोणाचा चुकला, हे सर्वांसमोर वाचून दाखवावे.